लेकीचा शंभरावा दिवस नेमका पितृपक्षात येतोय, काय करावं?

सुवोनची_सून | ९ सप्टेंबर २०२४, ११:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी दक्षिण कोरियात सुवोनला राहते, नवरा कोरियन आहे. २१ जूनला आम्हाला मुलगी झाली. आई सोलापूरहून बाळंतपणासाठी आली आहे आणि अजून महिनाभर आहे.

इकडे बाळ शंभर दिवसांचं झालं की मोठा सोहळा करतात, त्याला बेगिल म्हणतात. बेक म्हणजे शंभर आणि इल म्हणजे दिवस. तांदळाचे पांढरे केक वाफवतात, घरोघरी वाटतात, बाळाला नटवून टेबलामागे बसवतात आणि फोटो काढतात. सासूबाईंनी तर मी सहा महिन्यांची गरोदर असतानाच तेऊक (तांदळाचे केक) कोणाकडून करून घ्यायचे ते ठरवून टाकलं होतं.

अडचण अशी की शंभरावा दिवस २८ सप्टेंबरला येतो, म्हणजे भर पितृपक्षात. आई म्हणते, ‘पाच दिवस थांबा, ३ ऑक्टोबरला घट बसले की हवा तेवढा थाट करा.’ सासूबाई म्हणतात, बेगिल हवं तर आधी करा, पण पुढे ढकलायचं नाही. दोघी माझ्याशी गोड बोलतात, एकमेकींशीही गोड बोलतात (भाषा येत नाही, त्यामुळे खाणाखुणांनी), आणि मधल्या मध्ये मला झोप नाही. आठवडाभर आधी करायचं तरी २१ तारीखही पितृपक्षातच येते.

बारसंही बाराव्या दिवशी झालं नव्हतं. तेव्हा मी इथल्या बाळंतिणीच्या केंद्रात होते. दोन आठवडे तिथेच राहतात आणि नवऱ्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. आईने ते समजून घेतलं, सव्वा महिन्याने बारसं केलं. सासूबाईंनी पाळणा हलवला, ‘कुर्रर्र’ पण केलं. त्यामुळे आता आईला कसं समजवायचं तेच कळत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

नंदिनी_प | ९ सप्टेंबर, १२:०५

अभिनंदन गं! बाळीला खूप खूप आशीर्वाद. आईचं मन मोडू नकोस. आणि पंचांग बघितलंस का? २८ ला एकादशी पण आहे, इंदिरा एकादशी. तांदळाचे केक म्हणजे एकादशीला भातच झाला की!

गणिती_काका | ९ सप्टेंबर, १२:३१

अभिनंदन. पण तुमचा हिशेब एकदा तपासा. २१ जूनमध्ये १०० मिळवले की २९ सप्टेंबर येतो. जूनचे ९, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ७१. उरले २९. म्हणजे एकादशीचा प्रश्न सुटला, रविवारही मिळाला.

सुवोनची_सून | ९ सप्टेंबर, १२:५०

काका, सुटला असता तर किती बरं झालं असतं! पण इकडे जन्माचा दिवस हाच पहिला दिवस धरतात. त्यामुळे २८ च. आपल्याकडे बारसं मोजतानाही जन्मदिवस धरूनच बारावा मोजतात ना?

नंदिनी_प, एकादशी आईच्या आधीच लक्षात आली होती. तिने ती बोलून दाखवली नाही, एवढंच.

इन्छनवासी | ९ सप्टेंबर, १५:२०

ताई, मी अकरा वर्षं इथे आहे, दोन्ही मुलं इथलीच. आम्ही नवराबायको दोघं मराठी, तरी शेजारच्या आजींनी आमच्या थोरल्याचं बेगिल करायला लावलं होतं. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे आईंना सांगता येईल.

पूर्वी बाळं पहिल्या तीन महिन्यांत फार दगावायची. शंभर दिवस पार केले म्हणजे हे मूल आता आपलं झालं, राहणार, अशी खात्री वाटायची. तोवर गाजावाजा करायचा नाही. जन्मल्या दिवसापासून एकवीस दिवस दारावर गवताची दोरी बांधायची, तिला कुमजुल म्हणतात. नेहमीची दोरी उजवीकडे पिळतात, ही मुद्दाम डावीकडे पिळायची. मुलगा असेल तर तीत लाल मिरच्या आणि कोळसा खोवायचा, मुलगी असेल तर पाइनची डहाळी आणि कोळसा. ती दिसली की परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. आपण दाराला लिंबूमिरची बांधतो आणि सव्वा महिना बाळंतिणीला जपतो, त्यातलाच प्रकार.

शंभर हा आकडाही इथे जुना. यांच्या मूळपुरुषाच्या, तांगुनच्या कथेत अस्वल आणि वाघ माणूस व्हायचं म्हणून देवाकडे जातात. देव सांगतो, गुहेत बसा, शंभर दिवस ऊन बघू नका आणि लसूण नि एक कडू पाला एवढंच खा. वाघ पळून जातो. अस्वल टिकतं आणि एकविसाव्या दिवशीच बाई होतं. एकवीस आणि शंभर, दोन्ही त्या कथेत आहेत. मला तरी बाळंतघराचे दिवस आठवले, अंधारी खोली, धुरी आणि लसणाची फोडणी.

बेगिलच्या पहाटे सामशिन हाल्मोनीपुढे ताट मांडतात. हाल्मोनी म्हणजे आजी. ही मूल देणारी आणि सांभाळणारी आजी. पांढरा भात, समुद्री पाल्याचं सूप (मियॉकगुक) आणि स्वच्छ पाण्याचा वाडगा. ही म्हणजे आपली सटवाईच, फक्त कपाळावर लिहीत नाही. बाळाच्या ढुंगणावर निळसर डाग असतो ना, तो या आजीने ‘चल, बाहेर जा’ म्हणून मारलेल्या चापटीचा, असं मानतात.

मग शंभर घरी तेऊक वाटायचं. जितकी घरं जास्त तितकं आयुष्य जास्त. पांढरं बेकसोल्गी निर्मळ मनासाठी. आणि ज्वारीचे गोळे लाल डाळीत घोळवलेले, ते वाईट गोष्टी दूर ठेवायला.

पुढे ढकलत नाहीत हे खरं. इथे वाढदिवसही आधी करतात, उलटून गेल्यावर करत नाहीत.

रानजाई | ९ सप्टेंबर, १५:४४

थांबा थांबा, ज्वारीचे गोळे?? कोरियात ज्वारी??

इन्छनवासी | ९ सप्टेंबर, १५:५१

हो, सुसू म्हणतात. तांबूस असते आणि चिकट जातीची. मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दर वाढदिवसाला ज्वारीचे गोळे करायची जुन्या लोकांची पद्धत आहे.

रोखठोक | ९ सप्टेंबर, १८:१०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बारसं झालं, मुलीला नाव मिळालं. पुढे बोरन्हाण आहे, उष्टावण आहे, जावळ आहे. आपल्याकडे काय संस्कार कमी आहेत? परदेशात गेलेली आपली माणसं तिकडचं सगळं उचलतात आणि आपलं विसरतात, हे मी माझ्याच घरात बघितलंय. माझ्या पुतण्याच्या मुलांना पंचांग म्हणजे काय तेही ठाऊक नाही. आई सांगते ते ऐका, घट बसल्यावर करा.

ताकभात | ९ सप्टेंबर, १८:३५

रोखठोक, तुमची कळकळ समजते. पण इथे ‘तिकडचं’ म्हणजे कुणाचं? त्या मुलीचा बाप कोरियन, आजी कोरियन. तिच्यासाठी दोन्ही आपलंच आहे. कोरियन आजीने पाळणा हलवला, मग मराठी आजीने केक वाटायला काय हरकत?

रोखठोक | ९ सप्टेंबर, १९:०२

केक वाटायला माझी हरकत नाही. पितृपक्षाला आहे. आईच्या मनात एकदा शंका राहिली आणि पुढे बाळाला साधा ताप जरी आला, तरी त्या स्वतःला दोष देत बसतील. माझ्या आईचं असंच झालं होतं, म्हणून सांगतोय.

ताकभात | ९ सप्टेंबर, १९:१०

हे मात्र पटलं.

निवृत्त_मास्तर | ९ सप्टेंबर, २१:२५

पितृपक्षात लग्नमुंज करत नाहीत, नवी वास्तू घेत नाहीत, कारण त्या गोष्टी पुढेमागे करता येतात. ज्या गोष्टीचा दिवस जन्मानेच ठरलेला असतो, तिचं वेगळं. आमच्या धाकट्याचं बारसं पितृपक्षात आलं होतं, १९८३ साली. वडिलांनी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ‘बाराव्या दिवसाचं बारसं बाराव्याच दिवशी करा. घरात नवं मूल आलंय हे बघायला पितर येणारच, त्यांना पाळणा रिकामा दाखवू नका.’ आम्ही केलं. तो मुलगा आता एकेचाळीस वर्षांचा आहे आणि मला रोज फोन करतो.

शंभरावा दिवसही जन्मानेच ठरलेला आहे. आईंना एवढं सांगून पाहा.

इन्छनवासी | ९ सप्टेंबर, २१:४०

मास्तर, फार सुंदर. आणखी एक बघा. यंदा १७ सप्टेंबरला तुमच्याकडे अनंत चतुर्दशी आहे आणि त्याच दिवशी इकडे छुसॉक, वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणांपैकी एक. त्या दिवशी सकाळी घरोघरी नव्या तांदळाचं अन्न, फळं आणि अर्धचंद्रासारखे सोंगप्यॉन (तांदळाचे केक) मांडून पूर्वजांना वाकून नमस्कार करतात. मग थडग्यांवर जातात, गवत कापतात. म्हणजे यांचे आणि आपले पितर पाठोपाठच येतात. आईंना छुसॉकच्या सकाळी शेजारी उभं करा.

तळेगावची_मावशी | १० सप्टेंबर, ०८:१५

माझा अनुभव. तळेगावला आमच्या सोसायटीत मोटारीच्या कारखान्यात काम करणारी कोरियन कुटुंबं राहतात. समोरच्या घरातल्या बाईने एकदा छोटा पांढरा डबा आणून दिला. आत पांढरंशुभ्र, इडलीसारखं पण चौकोनी. तिने ‘बेबी, हंड्रेड’ एवढंच सांगितलं. मला वाटलं बाळाचं वजन की काय! गरम होतं तेव्हा एक तुकडा खाल्ला, अगदी हलकं, थोडं गोड. उरलेलं जपून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पाट्यासारखं घट्ट. फेकायला जीव होईना.

डबा रिकामा कसा परत द्यायचा? माझ्या सासूबाई होत्या तेव्हा. त्यांनी त्यात गूळ-खोबरं घातलं, वर कापसाचं एक वस्त्र ठेवलं आणि म्हणाल्या, दे जा. ती बाई ते वस्त्र बघून दारातच रडायला लागली. मला आजतागायत कळलं नाही का ते.

सुवोनची_सून | १० सप्टेंबर, ०९:३०

मावशी, मला वाचून काटा आला. इथे जुन्या पद्धतीत तेऊक मिळालं की भांडं न धुता परत द्यायचं आणि त्यात सुताची लड, तांदूळ किंवा पैसे घालायचे. सूत म्हणजे लांब आयुष्य. तुमच्या सासूबाईंनी नकळत अगदी तेच केलं! परक्या देशात तिला ते कुणी करेल असं वाटलंच नसेल.

आणि तेऊक फ्रिजमध्ये कधीच ठेवायचं नाही, आमटीतल्या गोळ्यासारखं दगड होतं. त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकायचं आणि खाताना वाफवायचं. पुन्हा ताजं होतं.

तळेगावची_मावशी | १० सप्टेंबर, ०९:५२

अगं बाई. सासूबाई असत्या तर आत्ता त्यांना सांगितलं असतं.

बाळांची_डॉक्टर | १० सप्टेंबर, १३:१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, दोन गोष्टी काळजीने सांगते. यंदा कोरियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आहे. गंमत म्हणजे कोरियन भाषेत या आजाराचं नावच ‘शंभर दिवसांचा खोकला’ असं आहे. बाळाचे डोस वेळेवर होऊ द्या, घरातल्या मोठ्यांनीही लस घेतली आहे का बघा, आणि खोकणाऱ्या पाहुण्याला प्रेमाने बाहेरूनच नमस्कार करायला सांगा. शंभर घरी केक जाऊ दे, शंभर माणसं बाळाला हाताळायला नकोत.

दुसरं, त्या दिवशी बाळाच्या ओठाला मध किंवा केकचा कण लावायचा मोह दोन्ही आज्यांना होईल. वर्षाच्या आत मध अजिबात नाही. गुटीतूनसुद्धा नाही.

मान तीन-चार महिन्यांनी धरते, तेव्हा फोटोसाठी बसवताना मागून आधार हवा, आणि दोन मिनिटांत आवरा.

सुवोनची_सून | १० सप्टेंबर, १३:४५

धन्यवाद डॉक्टर. मधाचं आजच घरात जाहीर केलं. आईने गुटीच्या सामानातली मधाची बाटली स्वतःहून माझ्या हातात दिली.

घाटावरचा | १० सप्टेंबर, १६:००

शंभर दिवसांनी पोरं रात्रभर झोपायला लागतात म्हणे, खरं आहे का? आमचं पोरगं सात महिन्यांचं झालं, अजून रात्री दोनला उठून हसतं.

इन्छनवासी | १० सप्टेंबर, १६:२०

इथे त्याला ‘शंभर दिवसांचा चमत्कार’ म्हणतात, बेगिले किजॉक. आणि ज्यांचं बाळ तरीही झोपत नाही, त्या आयाबापांनी एकच अक्षर बदलून बेगिले किजॉल केलंय, म्हणजे ‘शंभराव्या दिवसाची भोवळ’. 😀 तुमचं दुसऱ्या गटात बसतं.

पेठेतला_सराफ | १० सप्टेंबर, २०:३०

एक विचारतो. कोरियात बाळाला सोन्याची अंगठी देतात असं ऐकलंय. कॅरट किती आणि वजन किती?

सुवोनची_सून | १० सप्टेंबर, २०:५५

हो, बेगिललाही देतात, पण जास्त करून पहिल्या वाढदिवसाला, त्याला दोल म्हणतात. शुद्ध २४ कॅरट. एक ‘दोन’ वजनाची, म्हणजे ३.७५ ग्रॅम. (वजनाचं नावच दोन आहे!) आपल्या तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. सोनं महागल्यापासून एक ग्रॅमच्या अंगठ्याही निघाल्यात. दोलला बाळापुढे सूत, लेखणी, पैसे, तांदूळ मांडतात आणि ते काय उचलतं ते बघतात. हल्ली स्टेथोस्कोप आणि न्यायाधीशाचा हातोडाही ठेवतात.

निवृत्त_मास्तर | १० सप्टेंबर, २१:१५

आपल्याकडे उष्टावणाच्या दिवशी हेच करतात. पुस्तक, शस्त्र, वस्त्र, सोनं मांडायचं. जीविका परीक्षा म्हणतात. मी पळी उचलली होती, आणि शाळेत स्वयंपाकाचा कट्टा शेवटपर्यंत माझ्याकडेच होता.

सुवोनची_सून | १३ सप्टेंबर, २२:१०

मंडळी, एक प्रगती सांगते. आईला ‘ज्वारीचे गोळे करतात’ एवढं सांगितलं आणि तिचा चेहराच बदलला. ती सोलापूरहून मालदांडीचं तीन किलो पीठ घेऊन आली आहे. म्हणाली, ‘मग ते मी करते. सासूबाईंना सांग, ज्वारी आमची.’

आज करून बघितले. सासूबाईंनी कृती सांगितली, मी सांगत गेले, आईने केली. उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, सुपारीएवढे गोळे वळायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की झाले. आमचे तरंगले नाहीत, विरघळले. पातेल्यात ज्वारीची आंबील झाली! आई गप्प बसली. सासूबाईंनी ती आंबील वाटीत घेतली, मीठ घातलं आणि बसून संपवली.

भाकरवाली | १३ सप्टेंबर, २२:४०

पिठाला विरी नाही हो! जूनमध्ये दळलेलं पीठ, सप्टेंबरात विरी कुठली राहणार. भाकरीसुद्धा चिरेल. आणि मालदांडी ही भाकरीची ज्वारी, गोळा धरायला चिकटपणा पाहिजे. त्यात तिथलं चिकट तांदळाचं पीठ मिसळा.

सुवोनची_सून | १४ सप्टेंबर, १९:३०

भाकरवाली ताई, तुमचा हात कुठाय, धरते! दोन वाट्या ज्वारीला एक वाटी चिकट तांदळाचं पीठ आणि चिमूटभर मीठ. एकही गोळा फुटला नाही. तरंगल्यावर मिनिटभर तसेच ठेवायचे, मग थेट गार पाण्यात, मग निथळून शिजवलेल्या लाल कडधान्यात (पात) घोळवायचे. ते शिजवताना पहिलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर तुरट लागतं. आईने त्यात वेलची घातली. सासूबाईंनी वास घेतला, थोडा विचार केला आणि मान डोलावली.

तारखेचं मात्र अजून ठरलेलं नाही. आई गोळे करेल, पण ३ ऑक्टोबरलाच, असं चाललंय.

उन्मेष७१ | १५ सप्टेंबर, १०:२०

धागा वाचून छान वाटलं. एक वेगळाच मुद्दा मांडतो. पूर्वी हे सगळं मुलींसाठीही करायचे का? कारण कोरियाची कथा आपल्यासारखीच आहे. १९९० साली तिथे दर १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले होते. गर्भाचं लिंग सांगण्यावर १९८७ सालीच बंदी आली होती, आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. पण पुढे त्यांचा आकडा पूर्ववत झाला. याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्या बंदीचा उरलेला भागही काढून टाकला, आता गरज उरली नाही म्हणून. आपल्याकडे तो दिवस कधी येईल?

नंदिनी_प | १५ सप्टेंबर, १०:५०

काय सांगता! बंदीची गरजच उरली नाही हे वाचून खूप बरं वाटलं.

इन्छनवासी | १५ सप्टेंबर, ११:३०

हो, इथे आता उलट लोक मुलगी हवी म्हणतात. पण उन्मेषजींच्या प्रश्नाचं उत्तर, जुन्या काळी घराघरावर अवलंबून असायचं. थोरल्या मुलाचं थाटात, बाकीच्यांचं जमेल तसं.

सुवोनची_सून | १८ सप्टेंबर, २३:५०

उन्मेषजी, तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात घोळत होता. काल छुसॉक झाला, सगळे सासरी जमले होते. पूर्वजांचं मांडलं होतं. आईने साडी नेसून सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार केला, सासऱ्यांनी तिला पुढे जागा दिली. रात्री भांडी पुसताना मी सासूबाईंना विचारलं, तुमचं बेगिल कसं झालं होतं?

त्या उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातल्या खेड्यातल्या, १९५६ सालच्या. कोरियन युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. आधीच्या दोन मुली, ही तिसरी. म्हणाल्या, ‘माझं बेगिल झालंच नाही. दारावर पाइनची डहाळीही तीन दिवसांत काढून टाकली. आजीने सामशिनचं ताट मांडलं नाही.’ पुढच्या मुलाच्या वेळी गावभर तेऊक वाटलं, आणि ते वाटायला चार वर्षांच्या सासूबाईच टोपली घेऊन हिंडल्या. त्या काही रडत वगैरे नव्हत्या. वाटी पुसत होत्या, तीच वाटी कितीतरी वेळ पुसत होत्या. मग म्हणाल्या, ‘मला दोन मुलगेच झाले. ही आपल्या घरातली पहिली मुलगी. हिचा दिवस मी चुकवणार नाही.’

आई शेजारीच उभी होती. तिने विचारलं, काय म्हणतात? मी सगळं सांगितलं. मास्तरांच्या गुरुजींचं वाक्यही सांगितलं.

आई काही बोलली नाही. आज सकाळी मी उठले तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर २८ तारखेला पेनाने गोल करत होती.

नंदिनी_प | १९ सप्टेंबर, ००:०५

काही लिहिता येत नाही. दोघींना नमस्कार.

रोखठोक | १९ सप्टेंबर, ०७:४५

माझं म्हणणं मागे घेतो. २८ लाच करा. शंभर घरात आमचं एक घर धरा.

तळेगावची_मावशी | १९ सप्टेंबर, ०८:१०

आमचंही.

सुवोनची_सून | ३० सप्टेंबर, १४:३०

झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, तुम्ही सगळे इतके दिवस बरोबर होतात.

पहाटे पाचला सासूबाई आल्या. बैठकीच्या खोलीत बुटकं टेबल मांडलं. भाताचे तीन वाडगे, सुपाचे तीन, मधे पाणी. सामशिनच्या सुपात मांसमच्छी घालत नाहीत, पाला तिळाच्या तेलात परतून नुसतं पाणी आणि मीठ, त्यामुळे आईलाही बरं वाटलं. ती हळदकुंकवाचा करंडा घेऊन मागे उभी होती, पुढे यायला लाजत होती. सासूबाईंनी पाण्याचा वाडगा एका बाजूला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवलं. आईने तिथे करंडा ठेवला. मग सासूबाई दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत पुटपुटत होत्या, नीट खाऊ दे, नीट झोपू दे, नीट वाढू दे. लेक दुपट्यात जागी होती आणि छताकडे बघून हसत होती. दोन्ही आज्या एकदमच वर बघायला लागल्या.

फोटोचं सामान भाड्याने घरपोच मिळतं, कापडी पडदा, चिनीमातीचं मोठं भांडं, छोटा हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख), सगळं. लेकीने दोन फोटोंपुरती कळ काढली आणि तिसऱ्याला भोकाड पसरलं. डॉक्टर, आधार दिला होता, दोन मिनिटांत आवरलं.

बेकसोल्गी सुरीने कापायचं नाही अशी सासूबाईंची शिस्त, आयुष्याला सुरी नको म्हणून. भाताच्या कालथ्याने तोडून शंभर पुड्या भरल्या, प्रत्येकीत आईचे दोन ज्वारीचे गोळे. आमच्या इमारतीत ४४ घरं, मग रखवालदार, सफाईच्या मावशी, बसचालक, दवाखान्यातल्या परिचारिका. रखवालदार काकांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, या इमारतीत बेगिलचं तेऊक मिळून फार वर्षं झाली. खरंच आहे, या देशात गेल्या वर्षी बाईमागे सरासरी ०.७२ मूल जन्मलं. लिफ्टमध्ये बाळ दिसलं की लोक थांबून बघतात.

आईने दिवसभर एकादशी केली. शंभर पुड्या भरल्या, एक कण तोंडात टाकला नाही. तिची पुडी फ्रीझरमध्ये ठेवली. काल द्वादशीला सकाळी वाफवून त्यावर तुपाची धार सोडली आणि त्याने पारणं सोडलं. सासूबाई तेवढ्यासाठी बस बदलून आल्या होत्या. त्यांनीही तूप घालून घेतलं, दोनदा.

रानजाई | ३० सप्टेंबर, १५:१०

डोळे भरले. झबलं काय घातलं होतं पहाटे?

सुवोनची_सून | ३० सप्टेंबर, १५:२५

आईने तिच्या जुन्या इरकलीचं शिवलेलं. सासूबाईंनी ते धुवून कागदात गुंडाळून ठेवलंय. इथे बाळाचं पहिलं अंगरखं जपून ठेवतात आणि मोठ्या परीक्षेला जाताना बरोबर देतात.

भाकरवाली | ३० सप्टेंबर, १६:००

पुढच्या वेळी पीठ ताजं दळून पाठवते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. दहा वर्षं करायचेत ना गोळे?

सुवोनची_सून | ३० सप्टेंबर, १६:०४

हो ताई, दहा वर्षं. करते व्यनि.